बाळंतपणाचा व्हिसा नसतो

सन दोन हजार चोवीस. माझं वय तेव्हा एकाहत्तर. त्या वर्षी मी पहिल्यांदा देशाबाहेर गेलो, आणि गेलो ते पोरीचं बाळंतपण करायला. ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथंच हसून घ्यावं. सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्यात सगळ्यांचं हसून झालं आहे.

मी दुसरीपर्यंत शिकलेला. लिहिता येतं, पण बैलगाडीच्या चालीनं. तरी लिहितो आहे, कारण आमच्या भागातल्या पुष्कळ लोकांची पोरं आता दुबई-शारजाकडं कामाला आहेत आणि इकडं आईबाप समजतात की पासपोर्ट म्हणजे साहेबलोकांचं काम. तसं काही नाही. हट्ट पाहिजे, आणि आपलं नाव आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे.

मी मूळचा अमळनेर तालुक्यातला. विशीत सुरतेला आलो आणि पुढची सगळी उमर साच्यांवर गेली. कापडाच्या मागाला इथं साचा म्हणतात.

सुनंदा माझी थोरली. लग्न होऊन शारजाला गेली त्याला बरीच वर्षं झाली. जावई योगेश तिथं उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा पोट रिकामं झालं. तिसऱ्या खेपेला तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, विमानात बसायचं नाही, जिना चढायचा नाही, जड उचलायचं नाही. म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणं बंद झालं. तिची सासू दोंडाईच्याला अंथरुणाला खिळलेली. तिची आई, म्हणजे आमची मंडळी, देवाघरी गेलेली. धाकटा किशोर पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये, आणि त्याच्या बायकोच्या कडेवर वर्षाचं पोर. राहिलं कोण? मी.

फोनवर तिला म्हटलं, "मी यी राह्यनू." घरात आम्ही अहिराणीच बोलतो.

"नाना, तुम्ही ईसन काय करशात?"

"जे तुनी माय करती, ते."

तिकडून हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. त्याच वेळी माझं जाणं पक्कं झालं. पासपोर्ट मात्र नव्हता.

किशोरनं डोक्याला हात लावला. "नाना, बाप जातो का कधी बाळंतपणाला? लोक काय म्हणतील?" शेजारच्या मंगलबाईंनी लोक काय म्हणतील ते लगेच म्हणून दाखवलं. "बोरसे नाना, लुगडं नेसीसन जाशात का?"

"पायजम्यावरच जासू," मी म्हटलं. "तुम्ही फक्त डिंकाचा लाडू कसा बांधतात तेवढं दाखवा."

नाव

सुरतेत माणसाच्या नावाला 'भाई' असा चिकटतो, जसा साच्याजवळ उभं राहिलं की अंगाला कापूस. माझं खरं नाव उखर्डू. उखर्डू दगडू बोरसे. आधार कार्डावर सुरतेच्या पोरानं टाइप केलं 'उखाभाई'. बँकेत होतं 'उखर्डू'. मतदानाच्या कार्डावर 'उमरडू', तो कोण माणूस असेल ते देवाला माहीत. इतकी वर्षं या तिघांचं आपसांत काही बिघडलं नव्हतं. पासपोर्टला मात्र एकच माणूस लागतो.

किशोरनं त्याच्या ओळखीचा एक एजंट घरी आणला. पोरगा हुशार, बोलताना एक पाय सारखा हलवायचा. त्यानं तिन्ही कार्डं पाहिली आणि म्हणाला, "काका, ही झंझट कशाला? प्रतिज्ञापत्र करू, जाहिरात देऊ, आणि एकदम चांगलं नाव घेऊ. उमेश."

"उमेश कोण?"

"तुम्ही."

"मी त्याला ओळखत नाही."

किशोर मधे पडला. "नाना, उखर्डू म्हणजे उकिरड्यावरचा. परदेशात शोभतं का ते? कोणी अर्थ विचारला तर?"

अर्थ विचारला तर मी सांगेन. माझ्या आधी आईची तीन मुलं गेली. मी झालो तेव्हा तिनं मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, सुईणीनं उचलून परत आणलं, आणि नाव ठेवलं उखर्डू. म्हणजे यम आला तरी त्यानं म्हणावं, हा तर कचरा आहे, याला नेऊन काय करू. माझ्या बापाचं नाव दगडू, म्हणजे आजीलाही तीच भीती असणार. ज्या नावानं मला जिवंत ठेवलं ते नाव शोभत नाही म्हणून मी बदलू? एजंटला चहा पाजला आणि वाटेला लावला.

आता नाव खरं करायचं तर जुना पुरावा पाहिजे. मी गाडीत बसलो, गावी गेलो आणि शाळेच्या दाखल्यासाठी मुख्याध्यापकांसमोर उभा राहिलो. ते माझ्या किशोरपेक्षा लहान. म्हणाले, "आजोबा, दुसरी नापास का?"

"पास. तिसरीला गेलो नाही इतकंच."

त्यांनी उठून मला खुर्ची दिली. दाखल्यावर नाव बरोबर निघालं. त्यावरून आधार दुरुस्त झालं. त्याला दोन हेलपाटे पडले, आणि तिकडं सुनंदाला सहावा सरून सातवा लागला होता.

पासपोर्टच्या कचेरीत मी धुतलेला पायजमा आणि इस्त्रीचा सदरा घालून गेलो. आत एवढं गार की साच्यांच्या कारखान्यात निम्मं आयुष्य घामात काढलेल्या माणसाला तिथं हुडहुडी भरावी. आपला नंबर भिंतीवरच्या पडद्यावर लागतो. ढकलाढकली नाही, ओळखीपाळखीचं काम नाही. आमच्याकडं रेशनच्या दुकानातसुद्धा असं शिस्तीत झालेलं मी पाहिलं नाही.

खिडकीवर एक गुजराती पोरगी होती. तिनं माझं नाव दोनदा वाचलं.

"उखर्डू एटले शुं, काका?"

"उकरडो," मी म्हटलं. गुजरातीतही तोच शब्द आहे. किशोर माझ्यामागं उभा होता, त्यानं जमिनीकडं पाहिलं.

पोरीचे हात थांबले. मग ती हळू म्हणाली, "मारा दादानुं नाम कचराभाई हतुं." तिच्या आजोबांच्या आधीची भावंडंही गेली होती. त्यांच्याकडं पोराला कचऱ्यात लोळवून काढायचे. तिनं पडदा माझ्याकडं वळवला, एकेक इंग्रजी अक्षर बोटानं दाखवून वाचलं आणि म्हणाली, "बराबर छे? एक वार छपाई गयुं पछी फेरफार ना थाय." एकदा छापलं की बदल नाही. मी म्हटलं, बराबर छे.

पुढच्या खिडकीवर शिक्षण विचारलं. दहावी न झालेल्याला आखाती देशात जायला वेगळी तपासणी लागते, असं एजंट घाबरवून गेला होता. साहेब म्हणाला, "पन्नाशीच्या वर आहात ना? तुम्हाला ती अट नाही." म्हणजे सरकारनं मला म्हातारपणाबद्दल दहावी पास केलं. सही मी मराठीत केली. अंगठ्याची शाई त्यानं आधीच पुढं सरकवली होती, ती मी त्याच्याकडं परत सरकवली.

मग पोलीस घरी आला. त्याला शेजारी चौकशी करावी लागते. मंगलबाईंनी दारातूनच साक्ष दिली, "माणूस हट्टी आहे. गुन्हा मात्र एकही नाही." त्यानं तेच लिहिलं की काय माहीत नाही, पण पासपोर्ट आला. निळं पुस्तक, त्यात माझा फोटो, आणि फोटोशेजारी माझं सगळं नाव, भाईशिवाय.

व्हिसाचं काम योगेशनं तिकडून एका कचेरीमार्फत केलं. इकडच्या माणसानं माझा पांढऱ्या पडद्यावरचा फोटो काढला, पासपोर्टची मुदत पाहिली, परतीचं तिकीट काढलं. मी विचारलं, "व्हिसा कशाचा लिहिलाय?"

"फिरायचा, काका."

"मी फिरायला चाललो नाही. बाळंतपण करायला चाललोय."

"बाळंतपणाचा व्हिसा नसतो."

"का नसतो?"

तो म्हणाला, "नोकरीचा असतो, फिरायचा असतो. मुदत एक महिना." आता हे ऐका. आपल्यात बाळंतपण सव्वा महिन्याचं असतं. ज्यानं हा महिन्याचा हिशेब ठरवला त्याच्या घरी कोणी बाळंत झालं नसणार.

लाडू

मंगलबाईंच्या ओट्यापाशी उभं राहून मी लाडू शिकलो. डिंक तुपात असा फुलवायचा की दातात कच्चा लागता कामा नये. खारीक कुटून, खोबरं भाजून, आळीव, मेथीचं पीठ, आणि खसखस मंद आचेवर परतून. पहिला घाणा करपला. दुसरा वळेना. तिसऱ्याला मंगलबाईंनी एक लाडू हातात घेऊन दाबून पाहिला आणि काही बोलल्या नाहीत. ही बाई काही बोलत नाही म्हणजे पदक मिळालं समजा.

लाडूंचा मोठा स्टीलचा डबा, वर फडकं बांधलेलं, घेऊन मी विमानतळावर गेलो. किशोरला दारातच थांबवलं, तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. आत रांगेत माझ्यापुढं एक सुरती बा, म्हणजे म्हातारी, होती, मुलाकडं परत निघालेली. चौथ्यांदा जात होती, म्हणून सगळ्यांना शिकवत होती. तिनं डब्याकडं पाहिलं.

"शुं लई जाव छो, काका?"

"बाळंतिणीचे लाडू."

"सरस. अमे काटलुं करीए," ती म्हणाली. त्यांच्याकडं बत्तीस औषधांची पूड घालून वड्या करतात, त्याची तिनं मला सगळी रीत सांगितली. मग एकाएकी थांबली. "आमां खसखस नथी ने?"

"आहे ना. खसखशीशिवाय लाडू कसा होईल?"

तिनं माझं मनगट धरलं. "मूकी दो. त्यां पकडे छे. एने अफीण गणे छे."

इथंच सोडा, तिकडं याला अफू समजून पकडतात, म्हणे. मला वाटलं म्हातारी थट्टा करते आहे. खसखस. आमच्या घरात गणपतीच्या प्रसादातही असते. मी सामान घेणाऱ्या खिडकीवरच्या मुलीला विचारलं. तिनं साहेबाला बोलावलं. साहेब हिंदीत म्हणाला, "अंकल, खसखस अफू के डोडे का दाना है. वहां बिलकुल मना है. एक चम्मच मिला तो भी पूछताछ होगी. आप बच्चा देखने जा रहे हो या जेल?"

मी त्याच्याशी वाद घातला, खोटं कशाला सांगू. लाडवात भाजलेली आहे म्हटलं, कुटलेली आहे म्हटलं, दिसतसुद्धा नाही म्हटलं. तो म्हणाला, मशीनला दिसते. मी बाजूला झालो. डबा पायाशी ठेवला. पोरीच्या तोंडात पहिला घास मी घालणार, तो या डब्यातला, असं धरून बसलो होतो. पण लाडू पोचले आणि मी न पोचलो, तर त्या लाडवांचा उपयोग काय?

डबा घेऊन मी दारावरच्या जवानाकडं गेलो. म्हटलं, बाहेर माझा मुलगा उभा आहे, त्याला देऊन येतो. तो म्हणाला, आत आलेला माणूस असा बाहेर जात नाही. छातीवरच्या पट्टीवर आडनाव मराठी होतं.

"कुठलं गाव?" मी विचारलं.

"लातूरकडचा, बाबा."

"मग उघड तोंड."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि एक लाडू घेतला. खाता खाता त्याचे डोळे मिटले. म्हणाला, "बायकोच्या बाळंतपणात आईची नजर चुकवून खायचो." मग मी रांगेतून फिरलो. सामान ओढणाऱ्या पोरांना दिले, खिडकीवरच्या मुलीला दिला, साहेबालाही दिला. सुरती बानं दोन घेतले आणि म्हणाली गूळ थोडा कमी आहे. एक जाड गृहस्थ मागून मागून चार खाऊन गेला, त्याला मी म्हटलं, तुमचं बाळंतपण सुखाचं होवो. सगळे हसले. मी नाही हसलो. रिकामा डबा मी मोरीत जाऊन साबणानं घासला, कडेच्या खोबणीतून बोट फिरवून पाहिलं, आणि पिशवीतली सगळी फडकी बाहेर काढून झटकली.

पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं, "किसलिए जा रहे हो?" किशोरनं माझ्याकडून घोकून घेतलं होतं: फक्त 'घूमने' म्हणायचं. ते तोंडात आलं नाही.

"बेटी का बाळंतपण करने."

"क्या करने?"

"डिलिव्हरी."

"आप डॉक्टर हैं?"

"नाही. बाप."

त्यानं चष्म्याच्या वरून मला पाहिलं, परतीचं तिकीट मागितलं, तारीख पाहिली आणि शिक्का मारला. पुस्तक हातात देताना म्हणाला, "जाइए, दादाजी. वक्त पर लौट आना."

शारजा

विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बसलो आणि उतरलो.

तिथं आधी डोळे तपासतात. यंत्रात पाहायचं, पापणी हलवायची नाही. पांढरा पायघोळ झगा घातलेला तरुण अधिकारी माझं नाव वाचताना अडखळला. "उखर... दू?" मी मान हलवली. त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं, आणि दुसऱ्यांदा त्याला बरोबर आलं. आमच्या बँकेतल्या मॅनेजरला अजून येत नाही.

पुढं माझी पिशवी यंत्रातून गेली आणि एकानं ती बाजूला घेतली. त्यानं आळीव काढले, बाळंतशेप काढली, डिंकाची पुडी नाकाशी धरली. स्टीलचा डबा उघडून वास घेतला. धुतला तरी तुपाचा वास जात नाही. मग गोधड्या काढल्या. आमच्या मंडळींच्या जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी, सुनेनं शिवलेली. एकेक दुपटं त्यानं उलगडलं, झटकलं. तिथल्या सामानवाल्यांत एक पेशावरचा पठाण होता, तो हिंदीत विचारून त्यांना अरबीत सांगत होता.

"चाचा, ये क्या है?"

"बच्चे को लपेटने का. उसकी नानी की साडी है."

पठाणानं अरबीत काय सांगितलं कुणास ठाऊक, पण थोडं लांब सांगितलं. अधिकाऱ्यानं मग ती दुपटी स्वतः घडी करून आत ठेवली. घडी वाकडी होती, पण त्यानं केली.

बाहेर सुनंदा उभी होती. पोट पुढं, चेहरा उतरलेला, पाय सुजलेले. पाया पडायला वाकायला लागली तर मी ओरडलो, "वाकू नको." बापलेकीची भेट ओरडण्यातच झाली.

त्यांचं घर म्हणजे मोठ्या घरातली एक खोली. बाकीच्या खोल्यांत एक केरळी जोडपं आणि दोन नेपाळी भाऊ. स्वयंपाकघर सगळ्यांचं एक, ज्याची त्याची वेळ ठरलेली. मला वाटलं होतं वाळवंटात उंट दिसतील. खिडकीतून दिसल्या त्या फक्त इमारती आणि त्यांच्या खाली बेकरी. त्या बेकरीत भट्टीच्या भिंतीला लावून मोठी भाकर भाजतात, खुबूस म्हणतात तिला. कढत असताना चांगली लागते, गार झाली की वहाण. बाजारात कापडाच्या दुकानांत सुरतेचा माल लटकलेला. मी इतकी दारं ओलांडून आलो, आणि हा माल आधीच येऊन आरामात बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुपटी उन्हात टाकायला सज्जाच्या कठड्यावर पसरली. थोड्या वेळात इमारतीचा बांगलादेशी पहारेकरी धापा टाकत वर आला. "चाचा, उठाओ, उठाओ. जुर्माना लगेगा." बाहेर कपडे वाळत घातले की इथं दंड होतो, शहर वाईट दिसतं म्हणे. आमच्या गोडादऱ्यात हा कायदा लावला तर एका दिवसात सरकारची तिजोरी भरेल. मी दुपटी आत घेतली आणि पंख्याखाली दोरी बांधली. पण ऊन ते ऊन. रोज मी एकेक दुपटं खांद्यावर टाकून खाली बागेत जाऊन बसायचो. खांद्यावर टाकलेल्या कपड्याला दंड नसतो, हे मी पहारेकऱ्याला विचारून ठेवलं होतं.

डॉक्टरीण बाईंनी दिलेली तारीख आली आणि गेली. बाळ काही हलेना. योगेश कामावरून आला की आधी बायकोकडं पाहायचा, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, मग माझ्याकडं. शेवटी एका संध्याकाळी तो बोलला.

"नाना, तुमचा व्हिसा संपत येतोय. मुदतीच्या पुढं राहिलं तर रोजचा दंड आहे, आणि पुढच्या वेळी येऊ देणार नाहीत."

"मी चोरासारखा एक दिवस राहणार नाही," मी म्हटलं. मग सुनंदाच्या पोटाशी तोंड नेऊन सांगितलं, "ये वं माय, लवकर ये. तुना आजाना कागद सरी राह्यना."

सुनंदा हसली. हसताना पोट दुखलं म्हणाली. तिला वाटलं हसण्यानं. ते हसण्यानं नव्हतं.

दवाखान्यात आत फक्त नवऱ्याला सोडतात. योगेश आत गेला. मी बाहेरच्या खुर्चीवर बसलो, मग उभा राहिलो, मग दारापाशी गेलो. केरळची एक नर्स प्रत्येक वेळी मला परत खुर्चीवर बसवायची. मागच्या दोन्ही वेळेचं तिलाही माहीत होतं बहुतेक. शेवटच्या वेळी ती आली तेव्हा हात धरून बसवलं नाही, हात धरून उठवलं. "दादाजी, लडकी है. मां ठीक है. दोनों ठीक हैं."

आत गेलो तर सुनंदा पडलेली, कुशीत ते गाठोडं, आजीच्या दुपट्यात. नाव अजून नव्हतं. तिथं जन्माचा दाखला आणि पासपोर्ट दोन्हींसाठी नाव लगेच मागतात, बारशापर्यंत थांबत नाहीत. पण ते आईबापानं पाहावं. मी फक्त पोरीचे पाय पाहिले. गुलाबी, रागीट, एकमेकांवर घासणारे.

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं आणि तिचे डोळे भरले. "नाना, आता तुम्ही जाशात ना? आठ दिवसमा?"

मी योगेशला घेऊन त्याच दुपारी त्या व्हिसावाल्या कचेरीत गेलो. टेबलामागं एक हैदराबादी बाई होत्या. योगेश बोलायला लागला, मी त्याला थांबवलं. म्हटलं, "बाई, आमच्यात बाळंतपण सव्वा महिन्याचं असतं. तुमचा कागद महिन्याचा. मी पळून राहणार नाही आणि अर्धवट सोडूनही जाणार नाही. तिसरी वाट असेल ती सांगा."

बाई म्हणाल्या, "मुदत वाढवून मिळते चाचा, इथूनच. सांगायचं ना सरळ."

"सरळच तर सांगतोय."

पासपोर्ट, फोटो, पैसे, सगळं मी माझ्या हातानं दिलं. योगेश खिसा चाचपत होता, त्याला म्हटलं, हे माहेरचं काम आहे. संध्याकाळी फोनवर निरोप आला, महिना वाढला. परतीचं तिकीट पुढं ढकललं. सव्वा महिना पुरा करून, सुनंदाचे पाय जमिनीवर नीट पडायला लागल्यावरच मी सुरतेला परत आलो, आणि मुदतीच्या आत आलो. पासपोर्टवर डाग नाही. पण ते पुढचं.

दवाखान्यातून घरी आणलं त्या रात्री सुनंदानं विचारलं, "नाना, अंघोळ कोण घालणार हिला?" योगेश म्हणाला, एक बाई आहेत, पैसे घेऊन येतात, उद्या विचारतो. शेजारच्या खोलीतल्या केरळी वहिनींनी फोनवर कसलासा व्हिडिओ दाखवला.

"मी घालणार," मी म्हटलं.

"तुम्ही कधी आम्हाला तरी घातली का?"

"नाही. तुनी माय घालायची, मी पाहायचो. पाहून साच्यावर तुटलेल्या धाग्याचा सांधा जोडायला शिकलो, हे नाही जमणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. मोरी धुतली, कोरडी केली. पाणी तापवून त्यात गार पाणी ओतलं आणि कोपरानं पाहिलं. पायजमा मांडीपर्यंत दुमडला, भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसलो आणि दोन्ही पाय लांब केले. गुडघे कुरकुरले, त्यांना कुरकुरू दिलं. सुनंदा दाराशी स्टुलावर येऊन बसली. तिनं पोर माझ्या पायांवर पालथी दिली आणि हात काढून घेतले नाहीत. मी म्हटलं, "सोड." तिनं सोडले. नर्सनं सांगितल्याप्रमाणं नाळेला पाणी लागणार नाही असं धरून मी पहिला तांब्या आधी माझ्या हातावर ओतला, आणि हातावरून तिच्या पाठीवर.